डावं चाक

दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी
अग्निशमन केंद्रातली घंटा वाजली, तेव्हा
मी कोळंबीच्या डब्याचं झाकण नुकतं उघडलं होतं.

मनोऱ्यावरून आवाज : डावं चाक उतरत नाही.
मग वैमानिक बाईचा, सर्दी झाल्यासारखा :
दोन दिवे हिरवे आहेत. तिसरा नाही.
मनोऱ्याने विचारलं, जीव किती?
एकशे बारा, ती म्हणाली. आणि एक
मांडीवरचं, तिकीट नसलेलं.

विमान एकदा धावपट्टीवरून खालून गेलं
आणि आम्ही माना वर करून
त्याचं पोट तपासलं, सुईणीसारखं.
झडप उघडी होती. चाक आत,
कासवाने पाय ओढून घ्यावा तसं.

मग घिरट्या. इंधन जाळत.
कर्नाळ्याचा सुळका, उरणच्या टाक्या, खाडी,
पुन्हा कर्नाळा.
बंबावर आम्ही चौघं.
चंपक घरतने हेल्मेट काढलं, घातलं, काढलं.
सहा वेळा. मी मोजत होतो,
दुसरं काही मोजण्यासारखं नव्हतं.

बंब उभा होता तिथे माझ्या काकीचं खाचर होतं,
असं मी नव्या पोरांना सांगतो.
नक्की माहीत नाही.
डोंगर कापला, नदी वळवली,
खूण कशाची धरायची?

बाबाची होडी होती. सुकतीला
खाडी पायाखालून निघून जायची
आणि आम्ही चिखलात, कलंडून.
मी उतरून ढकलायला बघायचो.
तो म्हणायचा, "बाला, पानी गेला का
होरी पोटावर बसते. बसू दे तिला. वढू नको."
त्यात शहाणपण वगैरे नव्हतं.
बिडी ओढायची होती त्याला.

चार वाजून एकोणतीस.
ती आली. उजव्या चाकावर टेकली
आणि डावा पंख वर धरून राहिली,
गुडघाभर पाण्यातून जाताना
बाई कडेवरचं पोर वर धरते तसा,
वर, अजून वर,
धावपट्टी अर्धी संपली तरी वर,
वेग सरत गेला, पंखाखालचा वारा विरत गेला,
आणि धरवेनासं झालं तेव्हा
तिने तो खाली ठेवला.

लोखंडी कपाट फरशीवरून ओढतात,
तसा आवाज. ठिणग्या.
विमान डावीकडे वळून गवतात थांबलं.
आम्ही फेस मारला. फेसच फेस.

घसरगुंडीवरून माणसं येत होती :
एकाच पायात बूट घातलेला शिक्षक,
हात जोडलेली एक आजी, जोडलेले हात सोडेना,
लॅपटॉप छातीशी धरलेला एक, त्याला मी शिवी दिली.
मांडीवरचं माझ्या हातात आलं.
रडत नव्हतं.
माझ्या हेल्मेटची काच चाटायला लागलं.

संध्याकाळी धावपट्टीवर चारशे पावलं लांब ओरखडा.
ओळीने वाकून आम्ही धातूचे तुकडे वेचले,
नखाएवढे, काही अजून कोमट.
पलीकडे ती बाई इंजिनापाशी उकिडवी बसली होती,
घासलेल्या पत्र्यावर हात ठेवून.
बराच वेळ. कुणी बोलावलं नाही.

डबा उघडाच राहिला होता. कोळंबी आंबली.
कुत्र्यांना घातली, डबा धुतला.
घरी पद्मावती म्हणाली, कशी झाली होती?
मी म्हटलं,
मीठ बरोबर होतं.