ड्रिलची वही

केमिजार्वीच्या वाचनालयात
कादंबऱ्यांच्या कपाटाखाली एक ड्रिल असतं.
अख्ख्या गावात मिळून एकच,
चौदा दिवसांच्या बोलीवर.
खोक्यात वही : भोक कशासाठी पाडलंत?
हा हिल्काचा नियम.

तौनो : पक्ष्यांसाठी घर. दार जरा मोठं झालं,
खार राहायला आली.
सागल : पडद्याची दांडी. पडदा मोगादिशूचा.
इथे जूनमध्ये रात्रच होत नाही.
कुणीतरी, पेन्सिलीने : पाळणा.
चार पानांनंतर, त्याच अक्षरात :
पाळण्याला झाकण बसवलं. आत लोकर ठेवतो.

घरोघरी ड्रिलं असती
तरी ही भोकं पडलीच असती.
आपल्याआपल्या भिंतीत, मुकाट.

गेल्या आठवड्यात मी नेलं ते.
भिंतीला टेकवलंसुद्धा नाही.
वहीच वाचली, दोनदा,
बाहेर बर्फ साचत असताना.
परत करताना हिल्काने रकान्यावर बोट ठेवलं.
मी लिहिलं : अजून ठरत नाहीये.
तिने शिक्का मारला. चालतं म्हणाली.

आज संध्याकाळी शेजारून घरघर ऐकू येतेय.
यादीत माझ्यानंतर तौनोच होता.
बहुतेक खारीच्या घराला
मागचं दार.