गार इंजिन

मुनीर मिस्त्री म्हणाले, गार पायजे.
वरून हात लावून गार नाही, आतून गार.
परभणीत मे महिन्यात असलं गार
पहाटे चार ते साडेपाच, एवढंच मिळतं.
म्हणून आदल्या रात्री दहालाच मी व्हॅन
जिंतूर रोडला त्यांच्या पत्र्याखाली लावली
आणि चालत घरी आले.

शाळा बंद. अकरा पोरं आपापल्या मामाच्या गावी.
पहाटे मिस्त्रींनी सीट उचलली तर खाली
एक खोडरबर, पेनाचं टोपण, सात चिंचोके.
त्यांनी ते वेचले, नटबोल्टच्या वाटीत ठेवले
आणि वाटी बाजूला सरकवली.

टॅपेट कव्हर निघालं. आत सहा रॉकर,
काळ्या तेलात एका ओळीत,
पंगत बसलीय आणि वाढपी अजून आला नाही, तसे.

'चौथ्या गेरात टाकलीय. ढकल.
वीतभर. हां. अजून बोटभर. बस.'
मी मागून खांदा लावून उभी.
उघड्या प्लगच्या भोकातून फुस्स झालं,
आत एक नंबरचा पिस्टन वर आला होता.
मिस्त्रींनी रॉकर चिमटीत धरून हलवला: टिक टिक.
'ऐकू आलं?'
मला आलं. त्यांना येत नाही.
चाळीस वर्षं कान ट्रॅक्टरांना दिलेत.
ते बोटांनी ऐकतात.

गेजमधलं पंधराचं पान मोडलंय,
नातवानं त्यानं रंगाचा डबा उचकटला.
आता दहाचं आणि पाचचं एकावर एक धरायचं.
मधल्या तेलाचं काय, मी विचारलं.
'तेल हिशेबात नसतं. तेल ओळखीत असतं.'

पान फटीत सारायचं आणि ओढायचं.
'कसं निघायला पायजे सांगू?
साबण लावलेल्या हातातून बांगडी निघते, तसं.
अडती. पण रक्त काढत नाही.'

मग लॉकनट आवळायचा,
आणि आवळताना स्क्रू केसभर फिरतो.
फट पुन्हा वेगळी.
पुन्हा सैल, पुन्हा पान, पुन्हा आवळ.
चौथ्याला पाच वेळा झालं हे.
मधे अजान झाली, लाइट गेली,
मी मोबाइलची बॅटरी धरली.

सहाव्याला पाना त्यांच्या हातात
नटाच्या कडांवर वाजायला लागला.
त्यांनी तो माझ्याकडे दिला,
जसं काही त्यांना फक्त चहा ओतायचा होता.

मी आवळलं. अजून जरा आवळलं.
टिक टिक गेली. मला बरं वाटलं.
त्यांनी पान घातलं. शिरेचना.
'जाळलीस,' म्हणाले.
'लोखंड तापलं की वाढतं.
वाढायला जागा ठेवली नाहीस,
तर झडप पुरती मिटत नाही, आग तिथून निसटती.
वरून काई कळत नाही. गाडी छान, चुपचाप.
सहा महिन्यांनी झडप काढली की कळतं.
कटकट करणारा टॅपेट जळत नाही, बाई.
गप्प बसला त्याला बघायचं.'

मला एकदम खूप जण आठवले.
पण हातात पाना होता.

सव्वासहाला चालू केली.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून मिस्त्री एकेका रॉकरपाशी थांबत गेले.
पाचव्यापाशी जरा जास्त.
'हा बोलायलाय.'
परत उघडायचं का?
त्यांनी पत्र्याकडे बघितलं. पत्रा तडतडायला लागला होता.
'आता गरम झाली. ऱ्हाऊ दे. पुढच्या मे ला.'
मग नटबोल्टच्या वाटीतून
चिंचोके मोजून दिले. सात.

जूनमध्ये शाळा भरली.
खोडरबर कुणाचाच नव्हता, टोपण दोघांचं होतं.
पुढच्या सीटवर बसलेली दुसरीतली तुळजा म्हणाली,
मावशी, खाली कुणीतरी बोलायलंय.
काय म्हणतंय?
ती वाकून, सीटला कान लावून,
रेल्वे गेटापर्यंत ऐकत राहिली.
नाई कळालं, म्हणाली. आणि परत कान लावला.