मिठाआधीचं गणित

रसायन मी नंतर शिकवीन.
आधी हे बारा दिवस, आगरवाड्यात,
वाचनालयाच्या माळ्यावर,
पंखा एक, मुलं नऊ
आणि फळ्यावर एकही संयुग नाही.

"टीचर, हें रसायन न्हय,"
शिवोलीहून पूल ओलांडून येणारी लुझिया
पहिल्याच दिवशी म्हणाली.
नव्हेच.
पण सव्वीस वर्षं अकरावीचे पेपर तपासून
मला एवढं कळलंय
की मुलं मोलमध्ये बुडत नाहीत.
बुडतात अलीकडच्या चिखलात:
पाऊण भागिले तीन,
कंसाबाहेर विसरलेलं वजा,
छेदातला क्ष वर आणताना
थांबलेलं पेन.

प्रज्योत घातांकाला घाबरतो.
दहाचा वजा दोन म्हणजे शून्याच्याही खाली,
विहिरीत उतरल्यासारखं, असं त्याला वाटतं.
खाली नाही रे, बारीक.
रुपयाचा पैसा कर, म्हटलं,
तर त्याने पैसा कधी पाहिलेलाच नाही.
शेवटी खोकल्याच्या बाटलीचं टोपण आणलं घरून.
दहा मिलि. लिटरचा कितवा भाग?
तो बोटांवर शून्यं मोजत राहिला.
खाली रस्त्यावर पोदेर भोंपू वाजवत गेला,
पाव संपले असतील तोवर,
आणि मग, "शंभरावा."
तेच. वजा दोन ते एवढंच.

एककांना मात्र कुणी अडलं नाही.
उर्वी बागलीचा बाप अजून कुडवात बोलतो:
वीस कुडवांची खंडी.
वर कुडव, खाली कुडव,
दोघांवर रेघ मार,
उरेल ती खंडी.
(हेच मी ग्रॅमचं सांगते तेव्हा
त्याच मुली डोळे मोठे करतात.)

आठव्या दिवशी वर्ग मिठागरावर नेला.
गणित सोपं घातलं होतं:
लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ,
तर तीस किलोच्या टोपलीला
किती खाडी आटवावी लागेल?

"हजार लिटर," उर्वी चटकन म्हणाली.
आणि मी बरोबरची खूण करणार तोच,
"पण टीचर, तळाची माती पिते ते?
मानशीतून झिरपतं ते?
पहिल्या तोडीचं काळं मीठ
आम्ही विकत नाही, ते?"

मी खडू खिशात घातला.
हा धडा माझ्या वहीत
सहा महिने पुढे होता:
कागदावरचं उत्पादन, हातात आलेलं उत्पादन,
आणि मधली ती टक्केवारी
जिच्यावर तिचं घर चालतं.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पो आला.
काटा गंजलेला, अर्ध्या किलोला डुलणारा,
आणि पावतीवर
चारशे बारा पूर्णांक सहा पाच.
उर्वी पावतीकडे बघत राहिली.
"काटा डुलतो, तर हे सहा पाच आले कुठून?"
सार्थ अंक मी अजून शिकवलेच नव्हते.
व्यापारी हसला. बाप हसला नाही.
पावती बदलली का, ते मी पाहिलं नाही,
मुलांना उन्हातून परत न्यायचं होतं.

लॉग राहिलाय.
गुणोत्तर पुन्हा घ्यायचंय, लुझिया अजून
तीनास दोन आणि दोनास तीन यांत गफलत करते.
चार दिवस उरलेत.

प्रज्योत ते टोपण
कंपासपेटीतच ठेवतो आता.
परवा पेटी उघडली
तर खोकल्याच्या औषधाचा वास आला.