शिडी

ओहायोहून फोन. नाव कोवालचिक,
आवाज भट्टीपाशी आयुष्य काढलेल्याचा.
त्याला एक आयडर हवा होता, नर,
जुना, पांढऱ्या पाठीचा,
मानेवर हिरवट झाक आलेला.
एकच, म्हणाला. भिंतीसाठी.
मी वहीत लिहिलं: एक. भिंत.
थर्लो फोनवर बोलत नाही.
तो इंजिनाशी बोलतो, लॉबस्टरशी बोलतो,
गिऱ्हाइकं माझ्याकडे.

नेहमीचं सांगितलं.
सुती काही नको, आतलंसुद्धा.
सुती कपडा भिजला की समुद्राच्या बाजूने बोलायला लागतो.
लोकर आणा. हातमोजे दोन जोड, तिसरा मी देते.
कॉफी बेताची,
खडकावर आडोसा नाही आणि पाच थर उतरवायला वेळ लागतो.
आणि पक्षी पडला पण मेला नाही, तर दुसरा बार लगेच.
विचार करत बसू नका.
जखमी आयडर बुडी मारतो,
तळाशी जाऊन चोचीने शेवाळ धरून राहतो
असं इथले सगळे सांगतात.
वर येत नाही.
थर्लोच्या वडिलांनी अशा एकासाठी
दुपारपर्यंत होडी फिरवली होती.

पलीकडे नुसता श्वास.
मग मागून एक बाई, लांबून, बहुधा भांडी विसळताना:
"गुडघ्यांचं सांग की तिला."
त्याने रिसीव्हरवर हात ठेवला.
काढला तेव्हा हवेबद्दल विचारलं.

हवा!
जानेवारीत टिबेट्स कोव्हला पहाटे
समुद्रातून वाफ उठते, विसरलेल्या पातेल्यातून उठावी तशी,
आणि पाण्यात बोट बुडवलं
तर ते आपलं वाटत नाही.
एवढं सांगितलं. शिडीचं नाही.

आमच्याकडे पाणी वीस फूट चढतं, वीस फूट उतरतं.
ओहोटीला धक्क्यावरून वाकून पाहिलं
तर होडी विहिरीत पडल्यासारखी दिसते.
मध्ये लाकडी शिडी,
खाली बुळबुळीत हिरवी, वर बर्फ.
थर्लो ती अंधारात उतरतो, टॉर्च दातांत धरून.
आपल्याला गुडघे आहेत हे त्याला अजून कळलेलं नाही.

रात्री भरतीचं कोष्टक उघडलं.
गुरुवारी पहाटे ओहोटी. खडक उघडा,
बदकं शिंपल्यांवर तुटून पडणार.
थर्लोने खूणही केली होती, अंगठ्याने, काळी.
तो ब्लीचच्या रिकाम्या कॅनना रंग देत होता,
लांबून त्यांचे नर आयडर होतात.
मी बोट पुढे सरकवलं.
त्याच्या पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. सहा चाळीसला पूर्ण भरती.
होडीचा काठ धक्क्याला लागतो,
उंबरठा ओलांडावा तसं एक पाऊल.

"भरतीला खडक बुडतो," थर्लो म्हणाला.
"बदकं पांगतात. दोन दिसली तर नशीब."
"त्याला एकच हवंय."
त्याने एक कॅन पुरा केला. दुसरा घेतला.
"आणि परत येताना?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
दुपारी पाणी पुन्हा तळाला.
तेच वीस फूट, आता वर.

स्टोव्हमधलं लाकूड सरकलं.
थर्लोने ब्रश टर्पेन्टाइनमध्ये उभा केला
आणि शेडमध्ये गेला. बराच वेळ काहीतरी ओढल्याचा आवाज.
बर्फावरची घसरगाडी होती,
नोरिन लहान असताना हिच्यात बसून मासे आणायला यायची.
"पुळणीवर उतरवतो त्याला," म्हणाला.
"सांग, ही सामानासाठी आहे."
"आणि तो?"
"तो सामान धरून बसेल."

सकाळी पत्र लिहिलं.
श्री. कोवालचिक यांस,
शुक्रवार, पहाटे साडेपाच. लोकर विसरू नका.
ही भरती बदकांना फार मानवते.
खाली सही: आर्डिथ.
मग गुरुवारवरचा काळा अंगठा
नखाने खरवडून पाहिला.
निघाला नाही.