तुओवीचे चौसष्ट टेलिफोन

फाटकावर सगळे आपापले मोबाइल
पत्र्याच्या कप्प्यात ठेवतात, किल्ली गळ्यात.
आत फक्त तिचे टेलिफोन चालतात :
चौसष्ट, पिवळे, ओतीव धातूचे,
शिडीवरून चढवताना प्रत्येक जण
झोपलेल्या पोरासारखा जड होणारा.

बाल्टिकच्या काठावरची रिफायनरी. उणे बावीस.
नळ्यांच्या जंगलातून वाफ सरळ वर जाते
आणि तुओवी हक्कारायनेन, वय एकोणसाठ,
झाकणाचे आठ बोल्ट एकेक करून सैल करते.

झाकण आणि पेटी यांच्यात केसाएवढी फट असते.
पातळ पोलादी पट्टी सरकवून ती मोजते.
नवीन पोरं विचारतात, मग वायू आत शिरणार नाही का?
शिरेल की.
आत भडका उडाला तर उडू दे, ती म्हणते,
पण त्या फटीतून बाहेर येईस्तोवर
त्याचं तोंड निवलं पाहिजे.

तिचे वडील असेच होते.
सगळं आतल्या आत,
ओठांतून बाहेर पडायचं ते एवढंच :
"उद्या वारा उत्तरेचा."

नव्या फोनांचा स्वभाव वेगळा.
त्यांच्या तारेला कंट्रोल रूमच्या भिंतीपाशी
एक बोटभर डबी आडवी येते,
शब्दांना जाऊ देते, ताकदीला नाही.
तार तुटून तारेला लागली तरी ठिणगी पडू नये
इतक्या कमीत बोलायचं.
(माणसांना हे जमत नाही. शब्दाने शब्द वाढतो,
आणि असली डबी कोणाच्या घशात बसवलेली नसते.)

एकेचाळीस नंबरचा फोन कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये.
तिथे कानात बोळे, वर कानझाकण्या,
तरी तो आवाज दाढांत घुमतो.
फिनिशमध्ये एक म्हणजे युक्सी, दोन म्हणजे काक्सी.
शेड पुढचं अक्षर खाऊन टाकते,
उरते नुसती क्सी.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे
कालेर्वोने तो फोन उचलला. पलीकडे सोइंतु,
दीड महिन्याची नोकरी, म्हणाली,
हायड्रोजनचा व्हॉल्व्ह बंद कर, नंबर
क्सी.
त्याचा एक हात चाकावर गेलाही होता.
पण ऐकलेलं परत म्हणायचं, असा नियम आहे,
पोरं पाढा म्हणतात तसं, लाज न बाळगता.
"व्हॉल्व्ह काक्सी, बंद करतोय."
पलीकडे श्वास.
"नाही. यु. युक्सी. यु."
"यु. युक्सी."
"हो."

मग काहीच झालं नाही.
सात वाजता पाळी सुटली, बसमध्ये सगळे पेंगले,
गावातल्या शाळेसमोर कोणीतरी बर्फ ओढत होतं.
न झालेल्या अपघाताचा दगड कुठे बसवत नाहीत,
फुलं ठेवायला कोणी येत नाही.
नोंदवहीत एक ओळ : ०४:१७, व्हॉल्व्ह नंबर दुरुस्त.
कालेर्वोने दुपारी उठून, न सांगता,
घरातले होते नव्हते तेवढे बटाटे सोलून ठेवले.

तुओवीला हे कळलं तीन आठवड्यांनी,
कॅन्टीनमध्ये, वाटाण्याच्या सूपच्या रांगेत.
"हं," म्हणाली. मोहरी जरा जास्तच घेतली.
दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी एकेचाळीसकडे गेली
आणि माऊथपीस बदलला,
ज्याची मुदत अजून दोन वर्षं होती.

आजही आठवा बोल्ट आवळून
ती हातमोज्यानेच बटण दाबते.
"कूलूको?"
ऐकू येतंय का?
आवाज डबीतून वाकून जातो, परत येतो.
"कूलू."
नुसतं क्रियापद. कोणाला, काय, कशासाठी,
सगळं गाळलेलं.

ती पेन्सिलीने खूण करते.
बेचाळीसचा रिसीव्हर गोठून पेटीला चिकटलाय.
हिसका देऊन चालणार नाही.
ती वाकते, तोंड अगदी जवळ नेते
आणि काही न बोलता
त्याच्यावर वाफ सोडत राहते.