कोणाले काय झालं, सिस्टर?

फॉर्मवर एक रकाना होता : यापूर्वीची सर्वोत्तम वेळ.
मी पेन खाली ठेवलं.
मेडिकलच्या कॅज्युअल्टीपासून थिएटरपर्यंतचा व्हरांडा,
एक चाक आखडलेलं स्ट्रेचर,
त्यावर बुटीबोरीचा पोरगा, हात मशीनमध्ये गेलेला.
ती वेळ कोणी मोजली नव्हती.
रकान्यात आडवी रेघ मारली.

वय एकोणपन्नास. अंतर दहा किलोमीटर.
आपत्कालीन संपर्क?
दिवाकर फोन सायलेंटवर टाकून झोपतात.
वॉर्डाचा लँडलाइन लिहिला.
तिथं कोणीतरी जागं असतं.

उंटखान्याच्या गल्लीत पहाटे पाचला
पहिल्यांदा पळाले, ती चौथ्या खांबापर्यंत.
सवयीनं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं :
एकशे अठ्ठावन्न.
पेशंटची असती तर रेसिडेंटला उठवलं असतं.

इस्त्रीवाल्या नंदेश्वरभाऊंनी दार किलकिलं केलं.
"कोणाले काय झालं, सिस्टर?"
सव्वीस वर्षांत त्यांनी मला पळताना पाहिलं ते असंच,
कोणाचा दमा, कोणाची पोरगी अडलेली,
कोण संडासात पडलं.
धावणारी नर्स म्हणजे वाईट बातमीला फुटलेले पाय.
"काही नाही," म्हटलं, "अशीच."
त्यांना पटलं नाही.
मलाही कुठं पटलं होतं.

बर्डीवर बूट घेताना पोऱ्यानं विचारलं,
"मुलासाठी का, काकू?"
मी पाय पुढे केला.
टाचेच्या भेगा, अंगठ्याशी वाढलेलं हाड,
उभ्याउभ्या केलेल्या नाइट ड्युट्यांचा सगळा हिशेब.
तो बिचारा मुकाट्यानं नाडी बांधू लागला.

रेशीमबागेच्या मैदानाला फेऱ्या मारते.
किलोमीटर मला कळत नाहीत, बेड कळतात.
पहिली फेरी बेड नंबर एक,
दुसरी, दोन.
सातवर नेहमी कोणीतरी घोरणारं.
नऊचा पंखा चालत नाही, तीनदा अर्ज केला.
चौदाला काटोलची सुगंधाबाई होती, खुब्याचं हाड मोडलेली,
रोज सकाळी विचारायची,
"बाई, मले उभी कधी करता?"
मी सलाईन बदलत म्हणायची, उद्या.
चौदाव्या फेरीला माझी चाल हटकून चुकते.
फुलझेले ब्रदर म्हणतात तिथं श्वास सांभाळा, मॅडम,
नाकानं घ्या, तोंडानं सोडा.
मी घेते.
सोडते.

मधेच अंगातून जाळ उठतो.
डिसेंबरची थंडी, लोक कानटोप्यांत,
आणि माझ्या मानेवरून घाम.
बाहेर मे महिना वर्षातून एकदा येतो,
माझ्या आत हल्ली मुक्कामालाच असतो,
कूलर लावावा तर कुठं लावावा?
पळताना मात्र तो जाळ घामात मिसळून जातो,
कोणाला वेगळा दिसत नाही.

आदल्या रात्री चार सेफ्टी पिना,
छातीवर नंबर. दिवाकरनी लावला, तिरपा.
"हरली तं काय करशीन?"
"अडीच हजार लोक आहेत हो. कोणाकोणाकडून हरू?"
ते हसले, मग नंबर काढून पुन्हा लावला,
पुन्हा तिरपाच.
झोप आली नाही. दोनला उठून पाणी प्यायले.
वॉर्डात या वेळी राउंड असतो.

साडेचार. गल्लीत कुत्री अंगाची वेटोळी करून पडलेली.
नंदेश्वरभाऊ इस्त्रीत कोळसे फुंकत होते.
वर पाहिलं, नंबर वाचला,
या वेळी विचारलं नाही.
"थंडी हाये," एवढंच, "स्वेटर तं घालाचं."

ऑटो चौकात उभा होता.
तिथवर मी चालत गेले,
सावकाश,
पाय राखून.