परत आलेले डबे

बुटीबोरीच्या कंपनीनं सव्वीस वर्षांनी
शाल दिली, नारळ दिला
आणि एक खोकं. आत विजेवरचं भांडं,
आठ तासांत शिजवणारं.
साहेब म्हणाले, आता तुम्हाला कसली घाई!
बरोबर बोलले.
दोन महिने ते माळ्यावर पडून होतं
आणि मी खाली.

मग मानेवाड्यात अशी थंडी पडली
की बाटलीतलं खोबरेल दगड झालं.
तेव्हा काढलं, पुसलं, वायर तपासली.
टाकायचं काय, हा प्रश्नच नव्हता.
आमच्या घरून रोज तीन डबे जातात
आणि काही ना काही घेऊन परत येतात.

करुणाचा येतो मेडिकलच्या वॉर्डातून.
आज मसुराचं वरण जसंच्या तसं,
पोळीचा फक्त एक घास तुटलेला.
म्हणजे कुणीतरी हाक मारली, ती उठली,
आणि परत बसलीच नाही.
कोण वाचलं, कोण नाही, मी विचारत नाही.
वरण भांड्यात ओततो.

यशोधरेचा मिहानहून.
भात संपवते, गाजरं ठेवते,
तीही कडेनं ओळीत लावून,
हजेरी घ्यायची असल्यासारखी.
ज्या दिवशी ओळ विस्कटलेली असते
त्या दिवशी ती स्वतः बोलेपर्यंत मी टीव्हीसुद्धा लावत नाही.
आज विस्कटलेली होती. गाजरं भांड्यात.

फ्रिजमधून कोबीचा दांडा, अर्धा टमाटर,
परवा सोललेले तुरीचे सोले,
आणि सांबाराच्या काड्या.
(पुण्याची वहिनी या शब्दाला दरवेळी हसते.
तिची कोथिंबीर, आमचा सांबार. काड्या त्याच.)
लसूण ठेचून, सालासकट.
पाणी बोटाच्या दोन पेरांवर.

तिसरा डबा निनादचा.
रिकामा.
रिकामा म्हणजे धुतलेला, घासलेला,
झाकणाच्या खाचेतसुद्धा हळद नाही.
सतरा वर्षांच्या आयुष्यात ज्यानं
भेंडी कधी संपवली नाही,
त्याचा डबा तीन आठवडे असा येऊन राहिला.
नाकाशी धरला. साबण.
उपडा करून ओट्यावर ठेवला.

रात्री दहाला बटण दाबलं.
कंपनीत रात्रपाळीची सवय, झोप येत नाही,
दिवाणावर पडून ऐकत राहिलो.
हे भांडं शिट्टी मारत नाही. नुसतं
काचेखाली काहीतरी कूस बदलत असतं.
एकच्या सुमारास लसणाचा वास उठला,
दोनला सगळ्यांचा मिळून एक झाला,
कुणाचं काय उरलं होतं, ओळखू येईना.

तीनला जिन्यावर पावलं. निनाद, ब्लँकेट पांघरून.
“वास वरपर्यंत येऊन राहिला, पप्पा. झालं का?”
“डाळ विरघळली. सोले अजून बोटाला लागते.”
तरी स्टीलच्या पेल्यात दिलं त्याला.
उभ्यानंच प्यायला, फुंकर घालत.
दुसऱ्यांदा पेला पुढे केला,
आणि पेल्यातच बघत म्हणाला,
“क्लासला नाही जाऊन राहिलो मी.
अंबाझरीला बसतो, पाण्याकडे तोंड करून.
डबा तिथल्या वॉचमनला देतो.
मस्त खाते तो. मग धुऊन देते.”

बाहेर कुत्रं भुंकलं, थांबलं.
विचारायचं खूप होतं. भरलेली फी,
त्याची आई, जूनमध्ये काय.
झाकण पुन्हा लावलं,
काचेवरचे थेंब एकेक करून आत उतरले.
या भांड्याला खुणा दोनच,
जास्त आणि कमी.
मी बटण कमीवर आणलं,
त्याच्या पेल्यात एक गाजर टाकलं
आणि म्हणालो,
“तिखट चालते का रे त्याला?”